गुडघ्याखाली चार बोटं

रात्रीचे दीड वाजले होते. सबमिशनचा आठवडा, त्यामुळे हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर निम्म्या खोल्यांचे दिवे चालूच होते. माझी रूममेट संध्याकाळपासून पोट धरून बसली होती. ‘मेसची पावभाजी बाधली,’ हे आम्ही सगळ्यांनी मिळून केलेलं निदान. ओवा खाऊन झाला, गरम पाणी पिऊन झालं, सोडा झाला. शेवटी शेजारच्या खोलीतल्या एकीने रील दाखवलं. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं मोजायची, नडगीपासून एक बोट बाहेर सरकायचं आणि अंगठ्याने दाबत राहायचं. पोटाचं काहीही असू दे, दोन मिनिटांत आराम!

मी दाबायला बसले. दोन मिनिटांचे दीड तास झाले. आणि गंमत म्हणजे तिला खरंच बरं वाटलं. तीनच्या सुमाराला ती म्हणाली, “अगं, आता कमी आहे, झोप तू.” मी अभिमानाने झोपले. बोटं दुखत होती, पण आपण कुणाला तरी बरं केलं हे फीलिंग भारी असतं.

सकाळी तिला ताप होता आणि दुखणं बेंबीपासून सरकून खाली उजवीकडे आलं होतं. रेक्टर मॅडमनी रिक्षा बोलावली. दुपारपर्यंत तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं होतं. सर्जनने बाहेर येऊन विचारलं, “रात्रीच का नाही आणलंत?” मी रीलबद्दल सांगितलं. मला वाटलं आता हे ओरडणार. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “दाबल्यावर बरं वाटलं होतं? मग तिथेच फसलात.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ‘ते सगळं थोतांड आहे,’ असं ते म्हणाले असते तर विषय संपला असता. पण बरं तर वाटलं होतं! मग आम्ही नेमकं काय दाबत होतो? ही माहिती कुठून आली? आणि तिच्यावर किती भरवसा ठेवायचा? गेले काही महिने मी अभ्यास सोडून याच्यामागे लागले आहे (घरी सांगू नका).

त्या जागेचं नाव त्सू-सान-ली. म्हणजे ‘पायातले तीन ली’. ली हे चिनी अंतराचं माप, आजच्या हिशेबाने अर्धा किलोमीटर. थकलेल्या माणसाने इथे दाबलं की तो आणखी तीन ली चालतो, असं तिकडे सांगतात. पोटाच्या तक्रारींसाठी पारंपरिक चिनी वैद्यकात जे बिंदू आधी आठवतात त्यातला हा एक. म्हणजे रील परंपरेच्या हिशेबाने चुकीचं नव्हतं. रीलमध्ये जे सांगितलं नव्हतं, घोळ त्याच्यात होता.

आपण ज्याला ‘मेरिडियन’ म्हणतो त्याला चिनीत जिंग-लुओ म्हणतात. हातमागावर जो उभा ताणा असतो, त्या धाग्याला ‘जिंग’ म्हणतात. ‘लुओ’ म्हणजे जाळं. शरीरभर उभे धागे आणि त्यांना जोडणारं जाळं, आणि त्यातून वाहते ती ‘छी’, म्हणजे प्राणशक्तीच्या जवळची कल्पना. (उच्चार आपण नाक मुरडताना काढतो तसाच आहे, त्याला इलाज नाही.) मुख्य वाहिन्या बारा, शिवाय छाती-पोटावरून आणि पाठीच्या कण्यावरून जाणाऱ्या दोन. या चौदा रेषांवर आज जगभर मान्य असलेले बिंदू ३६१. छी अडली की दुखतं, मोकळी झाली की थांबतं, हा साधारण सिद्धांत.

मला वाटायचं की हा सगळा नकाशा कुणा ऋषितुल्य माणसाने एकदाच काढला असणार. तसं झालेलं नाही. १९७३ मध्ये हुनान प्रांतात छांगशा शहराजवळ मावांगत्वेइ इथे एक थडगं उकरलं. ते इसवी सनपूर्व १६८ मध्ये बंद केलेलं होतं. आत रेशमावर लिहिलेली पुस्तकं सापडली. त्यांत वाहिन्या आहेत, पण बारा नाहीत, अकरा. आणि बिंदू? एकही नाही! आधी रेषा आल्या, बिंदू नंतर आले. पुढे ‘ह्वांगदी नेइजिंग’ या ग्रंथात बारा वाहिन्यांची मांडणी पक्की झाली. तिसऱ्या शतकात ह्वांगफू मी नावाचा एक विद्वान, जो स्वतः वातविकाराने आजारी होता, त्याने जुने ग्रंथ एकत्र करून ३४९ बिंदूंची यादी केली. म्हणजे नकाशा वाढत गेला, दुरुस्त होत गेला. कुणी तरी वापरून बघत होतं, खोडत होतं, परत लिहीत होतं.

अकराव्या शतकातली गोष्ट तर आपल्या प्रॅक्टिकलवाल्या पब्लिकला आवडेल. १०२७ मध्ये सुंग राजवटीत वांग वेइ-ई नावाच्या वैद्याने माणसाच्या उंचीचे दोन काशाचे पुतळे ओतून घेतले. अंगभर बिंदूंच्या जागी भोकं. परीक्षेच्या दिवशी पुतळ्यावर मेणाचा थर द्यायचे, आत पाणी भरायचे, आणि विद्यार्थ्याला सांगायचे, ‘अमुक बिंदूवर सुई लाव’. जागा बरोबर असली तर पाणी बाहेर येणार. नसली तर नापास. व्हायव्हात ‘सर, साधारण इथेच कुठे तरी’ म्हणायची सोयच नाही.

जागा मोजायची त्यांची रीत तर फारच ओळखीची वाटते. त्सुन नावाचं माप आहे. आजारी माणसाच्या स्वतःच्या अंगठ्याची रुंदी म्हणजे एक त्सुन, जोडलेली चार बोटं म्हणजे तीन. आपलं अंगुळ! उंच माणसाचं मोठं, बुटक्याचं लहान. म्हणून रीलमधल्या मुलीची बोटं बघून अंदाज करायचा नसतो. आणि दुसऱ्याचा पाय दाबत असाल तर मोजायला बोटंही त्याचीच घ्यायची. मी अर्थातच माझी घेतली होती.

आता एक डोकं गरगरवणारी गोष्ट. तुमच्या बागेत सकाळी टाळ्या वाजवणारे काका-काकू असतील, तर त्यांच्याकडे तळव्याचा नकाशा असलेलं एक पत्रक हमखास असतं. अंगठ्यात मेंदू, मध्ये पोट, टाचेजवळ कंबर. प्रदर्शनात मिळणारा लाकडी रोलर घेतला तरी सोबत तोच कागद. त्यावर लिहिलेलं असतं ‘प्राचीन ॲक्युप्रेशर’. पण चिनी वाहिन्यांचा आणि त्याचा फारसा संबंध नाही. तळपायावर अख्खं शरीर ही कल्पना अमेरिकन आहे. विल्यम फिट्झजेराल्ड या कान-नाक-घशाच्या डॉक्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शरीराचे उभे ‘झोन’ पाडले, आणि १९३०च्या दशकात युनिस इंगहॅम या अमेरिकन बाईंनी पायाचा नकाशा तयार केला. त्याला रिफ्लेक्सॉलॉजी म्हणतात. चिनी नकाशात तळपायावर मुख्य बिंदू एकच, योंगछुआन, म्हणजे ‘उसळता झरा’. रोलर वाईट आहे असं मी म्हणत नाही, दिवसभर उभं राहून आल्यावर मीही पाय फिरवते. पण तो कुठला आहे ते माहीत असावं.

स्वतःच स्वतःला दाबण्याचा सर्वात मोठा प्रयोग मात्र खरोखर चीनमध्येच झाला, तोही शाळांत. १९६३ पासून बीजिंगमध्ये आणि मग देशभर मुलांना ‘डोळ्यांचा व्यायाम’ सुरू झाला. स्पीकरवर संगीत लागतं, एक ते आठ आकडे मोजले जातात, आणि वर्गातली सगळी मुलं डोळे मिटून भुवईपाशी, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्याशी, गालावर, कानशिलावर बोटांनी दाबत बसतात. रोज, बहुतेक ठिकाणी दोनदा. चिनी मित्रमैत्रिणी असतील तर विचारा, सगळ्यांना तो आवाज पाठ असतो. हेतू काय, तर चष्मा लागू नये.

चष्मा लागला का? २०१८ च्या तिथल्या सरकारी पाहणीत ५३.६ टक्के मुलामुलींना लघुदृष्टी निघाली. व्यायामामुळे लागला असं कुणी म्हणत नाही. डोळ्यांना क्षणभर विश्रांती मिळते, ती बरीच आहे. पण डोळ्याचा गोळा लांबत जातो तेव्हा चष्मा लागतो, आणि भुवई दाबून तो लांबायचा थांबतो असं दाखवता आलेलं नाही. याच चीनमध्ये, ग्वांगझोऊच्या बारा शाळांत दुसरा प्रयोग झाला. पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटं जास्त बाहेर, उन्हात सोडलं. तीन वर्षांनी त्यांच्यात लघुदृष्टी ३०.४ टक्के, आणि बाहेर न सोडलेल्यांत ३९.५ टक्के. मला हा आकडा वाचून जरा वाईटच वाटलं. इतकी वर्षं मुलं इमानदारीत दाबत बसली, आणि उत्तर मैदानावर होतं.

मग काहीच खरं नाही का? असंही नाही. आता मनगट वळवा. तळहाताच्या घडीपासून कोपराकडे आपली तीन बोटं ठेवा. तिथे दोन कंडरांच्या मध्ये जी खाच लागते तो नेइग्वान, ‘आतला दरवाजा’. मळमळीसाठीचा बिंदू. ऑपरेशननंतर भूल उतरताना ज्यांना उलट्या होतात, त्यांच्यावर हा बिंदू दाबून, पट्टा बांधून, सुई लावून पुष्कळ चाचण्या झाल्या. कॉक्रेन ही संस्था अशा चाचण्या गोळा करून तपासते. त्यांच्या २०१५ च्या आढाव्यात ५९ चाचण्या आणि ७६६७ माणसं होती. खोट्या उपचारापेक्षा खऱ्या बिंदूने मळमळ आणि उलटी कमी झाली. सगळ्या चाचण्या सारख्या नेटक्या नव्हत्या, हेही त्यांनी लिहिलंय. तरी मी पसरणी घाटात आता मनगट धरूनच बसते. बसच्या प्रवासाला तो आढावा लागू होत नाही हे मला कळतं. पण घाटात बाकी करण्यासारखं असतं काय?

दुखण्याचं उत्तर जास्त गुंतागुंतीचं आहे. १९६०च्या दशकात बीजिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात हान जिशेंग नावाच्या शास्त्रज्ञाने निरोगी माणसांवर हेगू हा हाताचा बिंदू तपासला. हेगू म्हणजे अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग. सुई लावल्यावर वेदना सोसायची पातळी लगेच नाही, अर्ध्या तासात हळूहळू वाढली आणि सुई काढल्यावर हळूहळू उतरली. पुढे सशांवरचे प्रयोग झाले, आणि शरीर स्वतःची वेदनाशामक रसायनं सोडतं हे लक्षात आलं. म्हणजे ‘बरं वाटलं’ हे नुसतं मनाचं नाही.

पण त्याच वेळी जर्मनीतला २००७ चा एक अभ्यास बघा. कंबरदुखीचे ११६२ रुग्ण. एका गटाला परंपरेने सांगितलेल्या बिंदूंवर सुया, दुसऱ्याला मुद्दाम चुकीच्या जागी, उथळ सुया, तिसऱ्याला नेहमीची औषधं आणि व्यायाम. सहा महिन्यांनी फरक पडलेले लोक पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२, तिसऱ्यात २७.४. पहिल्या आणि दुसऱ्यात जवळजवळ फरकच नाही! वांग वेइ-ईच्या पुतळ्यातून पाणी आलं काय आणि न आलं काय, कंबरेला पत्ता नाही. आणि शव उघडून बघितलं तर वाहिन्या नावाची वेगळी नळी सापडत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे स्पर्श, दाब, लक्ष देऊन बसलेलं माणूस आणि शरीराची स्वतःची रसायनं, यांचा मिळून तो आराम असतो. नकाशा हा जुन्या वैद्यांनी ते अनुभव लक्षात ठेवण्यासाठी बांधलेला ताणाबाणा.

आता अपेंडिक्सकडे परत येते, कारण या विषयातली सगळ्यात गाजलेली गोष्ट अपेंडिक्सचीच आहे. जुलै १९७१. न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन चीनच्या दौऱ्यावर असताना बीजिंगमध्ये त्यांच्या पोटात दुखायला लागलं. त्यांनी नंतर पेपरच्या पहिल्या पानावर त्याबद्दल लिहिलं आणि अमेरिकेत सुयांचं वेड पसरलं. पुढे गोष्ट फिरत फिरत अशी झाली की चिनी डॉक्टरांनी त्यांना सुया टोचून, भूल न देता ऑपरेशन केलं. मूळ लेखात तसं काहीही नाही. बीजिंगच्या डॉक्टरांनी इंजेक्शनची भूल देऊन, पोट उघडून, अपेंडिक्स काढून टाकलं. जगात कुठेही करतील तसं. दुसऱ्या रात्री पोटात गॅस धरला, अस्वस्थ वाटू लागलं, तेव्हा तिथल्या ॲक्युपंक्चरच्या डॉक्टरांनी उजव्या कोपरापाशी आणि दोन्ही गुडघ्यांखाली लांब बारीक सुया लावल्या. पोटाजवळ आपल्या दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीची धुमसती कांडी धरली. तासाभरात आराम पडला.

गुडघ्यांखाली! वाचताना मी उठून बसले. साधारण त्याच भागात मी दीड तास दाबत होते. फरक इतकाच, की त्यांनी आधी अपेंडिक्स काढलं होतं. ज्या देशात हा नकाशा तयार झाला, तिथल्या इस्पितळात कुठली गोष्ट सुरीची आणि कुठली सुईची, याबद्दल कुणाच्या मनात गोंधळ नव्हता. गोंधळ आमच्या तिसऱ्या मजल्यावर होता.

रेस्टनच्या लेखाने अमेरिकेला सुया कळल्या, पण भारतात त्या आधीच आल्या होत्या, आणि तो धागा सोलापूरपर्यंत जातो. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टर गेले. त्यात आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकर. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच गेले, ते आपल्याला शाळेपासून माहीत असतं. त्यांच्यासोबतचे कोलकात्याचे डॉ. विजय बसू परत आले, १९५०च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात ते सुरू केलं. एमबीबीएस झालेला, युद्धात जखमा शिवलेला डॉक्टर पन्नाशीजवळ पोहोचल्यावर ही विद्या शिकायला बसतो. त्याला दोन्ही हवं होतं. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी आता २०१५ चा वेगळा कायदाही आहे, त्यामुळे सुई लावून घ्यायची असेल तर समोरच्याची नोंदणी बिनधास्त विचारा. स्वतःला सुई टोचायच्या भानगडीत पडू नका, अंगठा पुरे.

अंगठ्याने मी आता काय करते? डोकं जड झालं, स्क्रीनने डोळे चुरचुरले की हेगू. एका हाताचा अंगठा दुसऱ्याच्या मांसल भागावर, तर्जनीच्या हाडाकडे रोख धरून, दुखेल पण सोसेल इतकं, मिनिटभर गोल दाबायचं. मग दुसरा हात. पाळीच्या दिवसांत पोटऱ्या आणि कंबर धरली की सान-यिन-जिआओ, पायाच्या आतल्या घोट्याच्या वर स्वतःची चार बोटं, हाडामागे. पाळीच्या दुखण्यावर याचे पुरावे अजून कच्चे आहेत, पण गरम पाण्याच्या पिशवीसोबत मला बरं वाटतं. गरोदर बाईला हे दोन्ही बिंदू परंपरेतच वर्ज्य आहेत, तेव्हा वहिनीवर प्रयोग नको. जखम, सूज, फुगलेल्या शिरा, रक्त पातळ करायची गोळी चालू असणं, यावरही दाबायचं नाही.

आणि रीलमध्ये जे नव्हतं ते. पोटात दुखणं सरकत खाली उजवीकडे आलं, सोबत ताप किंवा उलटी, चालताना हिसका बसला तरी कळ येतेय, तर एकही बिंदू न शोधता कॅज्युअल्टी गाठायची. छातीत दाब वाटून हातात किंवा जबड्यात कळ, तेच. डोकं अचानक, कधीच दुखलं नव्हतं तसं फुटायला लागलं, किंवा डोकेदुखीसोबत ताप आणि मान आखडलेली, तेच. अशा वेळी दाबून कमी झालं तरीही जायचं.

रूममेट दहा दिवसांनी परत आली. पहिलं काम तिने काय केलं, तर मेडिकलमधून थर्मामीटर आणला आणि आमच्या आरशाशेजारी खिळ्याला अडकवला. परवा माझं डोकं ठणकत होतं. ती पलंगावर येऊन बसली, माझा हात ओढून घेतला आणि हेगू दाबता दाबता चौकशी सुरू केली. “ताप?” “नाही.” “उलटी झाली?” “नाही गं.” “हनुवटी छातीला लाव बघू.” लावली. “काल किती वाजता झोपलीस?” “साडेतीन.”

तिने हात सोडला आणि उठून दिवा बंद केला.